भांडणाचे जिने

रविवारची पाहुण्यांची दुसरी तुकडी दारात येईपर्यंत घरच्या सुनेचा घसा बसलेला असायचा, पण जिन्यापाशी पोचलं की तिला आपोआप हुरूप यायचा. छापखानेवाल्याचं घर, औषधवाल्याचं घर, नदीकडच्या गल्लीतलं ते अरुंद तीन मजली घर, अशी वारसा समितीनं जतन केलेली जुनी घरं बघत बघत लोक इथे सगळ्यात शेवटी येत. पाय दुखत असत, मुलं कुरकुरत असत. ह्यांना आता खांब आणि तुळया नकोत, गोष्ट हवी, हे शाळेत वीस-बावीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला सांगावं लागत नव्हतं.

"बघा हं," ती म्हणाली. "एकच दिवाणखाना, वर एकच मजला, आणि जिने मात्र दोन. शेजारी शेजारी, मधे हात घालायला जागा नाही. का असतील?"

"एक नोकरांचा," कुणीतरी म्हणालं.

"एक चढायला, एक उतरायला," एक गृहस्थ म्हणाले, आणि त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं की सगळे हसले.

"भांडणामुळे," सून म्हणाली आणि क्षणभर थांबली. इथे थांबायचं असतं. "माझे आजेसासरे गणिताचे मास्तर. डावा जिना त्यांचा, घराबरोबरच बांधलेला. त्यांचा धाकटा भाऊ सुतार होता. दोघांचं असं काही बिनसलं की धाकटा म्हणाला, ज्या पायरीवर तुझा पाय पडतो तिथे मी पाय ठेवणार नाही. आणि त्यानं हा उजवा जिना बांधला. तोही कसा, बघा. डाव्यापेक्षा चांगला दोन हात पुढे आणलाय. का? तर थोरल्यांची वाचायची खुर्ची नेमकी तिथे असायची."

आता हशा. मुलंसुद्धा गप्प झाली होती.

"ह्या पायऱ्यांच्या कडांवर खाचा दिसतात? पाय आपटत चढायचा. आणि शेवटी घर सोडून गेला त्या दिवशी स्वतःच्याच जिन्यावर करवत चालवली. ही खाली चीर आहे, ती. मी नाही तर कुणीच नाही! तेव्हापासून आमच्या घरातलं कुणीही ह्या जिन्यानं वर गेलेलं नाही. आजही आम्ही डाव्यानंच जातो."

राखाडी कोट घातलेली एक बाई हसली नव्हती. पंचावन्न-साठची, आखूड केस, बोटं रुंद आणि डागाळलेली. ती खाली उकिडवी बसून चिरेत नख घालून पाहत होती.

"ही चीर ह्याच जिन्याला आहे," ती म्हणाली. "दुसऱ्याला नाही."

"हो. त्याच्याच जिन्याला."

"आणि तो सुतार होता म्हणता."

"चांगला नावाजलेला."

"मग करवत इतकी वाकडी कशी गेली?"

सुनेला आजवर कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. खरं तर तिनं स्वतःलाही विचारला नव्हता. "रागात असेल," ती म्हणाली. तिचं तिलाच ते लंगडं वाटलं.

"असेल," बाई म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "मी ह्या जिन्यानं वर जाऊन बघू का?"

"पाहुण्यांना परवानगी आहे. फक्त जरा जपून. त्याच्या पायऱ्यांची उंची कमी आहे, पाय फसतो."

"कमी आहे ना?" बाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी जागं झालं. "तेच मला वाटलं."

*

वरच्या मजल्यावर डॉक्टर कठड्याला टेकून उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. सुनेच्या नवऱ्याची ही थोरली बहीण. दातांचा दवाखाना होता, म्हणून घरात तिला सगळेच डॉक्टर म्हणत, तिचे वडील अण्णा यांच्यासकट. मागच्या हिवाळ्यात अण्णांनी घर लोकांना दाखवण्याच्या समितीच्या करारावर सही केली तेव्हापासून तिचं आणि भावजयीचं बोलणं कामापुरतंच होतं. आपल्या आजोबांचं भांडण दर रविवारी परक्या माणसांना हसण्यासाठी वाढायचं, हे तिला कधीच पटलं नव्हतं. आज ती आली होती ती पाटीसाठी. समितीचा सेक्रेटरी दुपारी पितळी पाटी घेऊन येणार होता, आणि जिन्याच्या लाकडाला भोक पाडू द्यायचं नाही, एवढं तरी आपण पाहायचं, असं तिनं ठरवलं होतं.

तुकडीतले बाकीचे डाव्या जिन्यानं धपाधप वर आले आणि खिडक्यांकडे गेले. राखाडी कोटवाली उजव्या जिन्यानं येत होती. फार सावकाश. प्रत्येक पायरीवर आधी हात फिरवायचा, मग पाय.

"काही हरवलंय का?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही," बाई वर न बघता म्हणाली. "तुमच्या घरात लंगडत कोण होतं?"

"कुणी नाही."

"कुणीतरी होतं. डावा पाय. ह्या खाचा आपटल्याच्या नाहीत. बघा, सगळ्या एकाच बाजूला आहेत, आणि पुढून मागे ओढल्यासारख्या. जाड तळव्याचा बूट असतो ना, एक पाय आखूड असलेल्यांचा, त्याच्या टोकाला लोखंडी नाल मारतात. पाय पूर्ण उचलला जात नाही, नाल कडेला घासते. मी स्वतः अशा नाली ठोकते. माझं दुकानच आहे तसल्या बुटांचं."

डॉक्टरला त्या बाईचा राग यायला हवा होता. पण दाताच्या झिजेवरून माणूस रात्री झोपेत दात खातो की नाही हे तीही रोज सांगत असे. त्यामुळे रागाच्या आधी तिला खाली वाकून बघावंसंच वाटलं. ती दोन पायऱ्या उतरली. आपण उजव्या जिन्यावर पाय ठेवलाय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"सगळ्या पायऱ्यांना आहे," ती पुटपुटली.

"सगळ्या. आणि हा कठडा बघा. केवढा खाली आहे. ज्याला हातावर भार टाकून चढायचंय त्याच्यासाठी. पायऱ्या बुटक्या केल्या की त्या जास्त लागतात, आणि जास्त लागल्या की जिना पुढे येणारच. खुर्चीबिर्चीचा काही संबंध नाही."

सून मागून वर आली होती. तिघी त्या जिन्यावर दाटीवाटीनं उभ्या राहिल्या.

"तुम्ही कोण?" डॉक्टरनं विचारलं. ह्या वेळी आवाज वेगळा होता.

बाईनं कोटाला हात पुसले. "तुमच्या गोष्टीतला तो पाय आपटणारा सुतार माझा आजोबा. समितीच्या पत्रकात वाचलं, 'भांडखोर धाकटा भाऊ'. म्हटलं आपल्या कानांनी ऐकून यावं काय काय सांगतात."

सुनेचा चेहरा पडला. "ते पाय आपटणं माझं आहे," ती घाईनं म्हणाली. "म्हणजे, मीच घातलं. बाकी सगळं अण्णांकडून."

"ते वाईट नव्हतं," बाई म्हणाली. "मला जवळजवळ हसू आलं होतं."

डॉक्टरचं डोकं मात्र दुसरीकडे धावत होतं. तिनं भावजयीचा दंड धरला आणि तिला खिडकीशी ओढलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या दोघी एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या.

"हिस्सा मागायला आलीये ही."

"पायऱ्या चाचपत कुणी हिस्सा मागतं का, ताई?"

"तू भोळी आहेस. अण्णांच्या समोर नको. त्यांना ह्या वयात..."

"ह्या वयात काय?" अण्णा म्हणाले. ते आपल्या खोलीच्या दारात उभे होते. हातात काठी, चष्मा कपाळावर. "जिन्यावर इतका वेळ कोण थांबलंय म्हणून बघायला आलो. आणि डॉक्टर, तू उजव्या बाजूनं वर आलीस. मी पाहिलं."

*

अण्णांनी उभं आयुष्य जमिनी मोजण्यात घालवलं होतं. ओढ्यानं पात्र बदललं, मेंढपाळानं खुणेचा दगड उचलला, शेजाऱ्यानं कुंपण सरकवलं, ह्यातलं काय खरं हे ते नुसतं उभं राहून सांगत, असा त्यांचा लौकिक होता. बाकीची तुकडी उतरून गेल्यावर पाहुणीनं आपली ओळख सांगितली तेव्हा ते खुर्चीत बसले.

"काकाची नात," ते म्हणाले. "म्हणजे माझी पुतणी लागतेस. मी तुला अगं म्हणणार."

"म्हणा."

"काकाला मी पाहिलं असणार, पण आठवत नाही. तो घर सोडून गेला तेव्हा मी चारेक वर्षांचा. आई त्याच्या थोडं आधी वारली. वडील दोघांबद्दलही कधी बोलले नाहीत. एक अक्षर नाही. जे मी सुनेला सांगितलं ते मला आळीतल्या लोकांनी सांगितलेलं. तुमच्याकडे काय सांगतात?"

"फार नाही. आजोबा मुळीच बोलायचे नाहीत. आजी त्या भांडणाबद्दल एकच वाक्य म्हणायची, की जिन्यासाठी घर सोडलं. आम्हाला वाटायचं, केवढा हा ताठा! जिन्यासाठी कुणी घर सोडतं का?"

"आमच्याकडे म्हणतात जिन्यावरून भांडले."

"जिन्यावरून आणि जिन्यासाठी," सून म्हणाली. तिच्यातली शिक्षिका जागी झाली होती. "एवढाच फरक आहे."

"डॉक्टर," अण्णा म्हणाले, "माझी टेप आण. कपाटात, खालच्या खणात."

"अण्णा, तुम्ही वाकायचं नाही."

"मग तू वाक."

डॉक्टर वाकली. डाव्या जिन्याच्या पायऱ्या तिनं मोजल्या, उजव्याच्या मोजल्या. सून आकडे मोठ्यानं सांगत होती आणि अण्णा वरून मान हलवत होते. उजवी पायरी डावीच्या जेमतेम दोन तृतीयांश उंचीची भरली. अर्ध्या प्रांताची जमीन मोजलेल्या माणसानं स्वतःच्या घरातला जिना कधी मोजला नव्हता. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण टेप परत हातात आली तेव्हा त्यांनी ती उगीचच पुन्हा ओढली आणि सोडली.

"हे सगळं अंदाज आहेत," ते म्हणाले. "खूण सापडली म्हणजे हद्द ठरत नाही. लंगडणारं माणूस कोण?"

डॉक्टर हळूच म्हणाली, "आपल्या आजीचे फोटो. अण्णा, आजी एकाही फोटोत उभी नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा आजोबा उभे आणि ती बसलेली. मला वाटायचं तशी पद्धत असेल."

अण्णांनी चष्मा कपाळावरून काढून मांडीवर ठेवला. त्यांच्या मनात एक चित्र होतं, फार जुनं, जे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते स्वप्न असावं अशी त्यांची खात्री होती. ते पलंगाखाली लपले आहेत. समोर दोन काळे बूट येतात. एक साधा आहे. दुसऱ्याचा तळवा विटेएवढा जाड आहे. बूट थांबतात, आणि वरून कुणीतरी हसतं.

"एक बूट जाड होता," ते म्हणाले. आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "मला वाटायचं मी ते स्वप्नात पाहिलं."

पाहुणी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. "कुठला पाय, अण्णाकाका?"

त्यांनी डोळे मिटले. पलंगाखालून, समोरून. उजवीकडे दिसणारा, म्हणजे तिचा. "डावा," ते म्हणाले.

त्याच वेळी खाली दार वाजलं आणि सेक्रेटरीचा आवाज आला, "अण्णासाहेब, पाटी आलीये! काय झळकतेय बघा!"

*

सेक्रेटरी हा हौशी माणूस होता. त्याच्यामुळेच ही घरं पाडली जाता जाता वाचली होती, हे त्याचे विरोधकही मान्य करत. सगळे खाली दिवाणखान्यात आल्यावर त्यानं पाटीचा कागद सोडून ती टेबलावर ठेवली. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत होतं: भांडणाचे जिने. त्याखाली बारीक अक्षरांत सगळी हकिकत, खुर्चीसकट.

त्याला सगळं सांगायला सुनेला वेळ लागला, कारण डॉक्टर मधे मधे दुरुस्त्या करत होती. सेक्रेटरी ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"पण बाई," तो शेवटी म्हणाला, "लोक भांडणासाठी तर येतात. औषधवाल्याच्या घरात काय आहे? बरण्या. तुमच्याकडे गोष्ट आहे. आणि ती गोष्ट तुमच्याइतकी रंगवून कुणी सांगत नाही."

सुनेला हे खरं वाटत होतं, म्हणूनच ते तिला टोचलं. रविवारच्या त्या हशावर तिचा जीव होता. मुलं मोठी होऊन गेल्यावर, नवरा महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असताना, ह्या घरात ती स्वतःची म्हणून एकच गोष्ट करत होती, आणि ती चुकीची निघत होती.

"भांडण झालंच असेल," ती म्हणाली. "करवत कुणीतरी चालवली ना? फक्त ती सुताराची नाही. चीर वाकडी आहे, मधेच थांबलेली आहे. ज्याला करवत धरता येत नाही अशा माणसानं ती चालवली."

"गणिताच्या मास्तरनं," डॉक्टर म्हणाली. म्हणून झाल्यावर तिनं अण्णांकडे पाहिलं.

पाहुणी मान खाली घालून बसली होती. "आजी आणखी एक म्हणायची," ती म्हणाली. "आजोबांच्या तळहातावर आडवा व्रण होता. आम्ही विचारलं की ती म्हणायची, दुसऱ्याच्या हातातून करवत काढून घेऊ नये. आम्हाला वाटायचं, दुकानातलं काहीतरी असेल."

अण्णा उजव्या जिन्याच्या पायथ्याशी गेले, काठी भिंतीला टेकवली आणि चिरेच्या वरच्या लाकडावर हात ठेवून उभे राहिले.

"बायको गेली," ते म्हणाले, "आणि हा जिना रोज वडिलांच्या डोळ्यांसमोर. मी असतो तरी..." पुढचं त्यांनी गिळलं. "आणि ज्यानं बांधला तो पाडू देईना."

"असं झालं असेल," डॉक्टर म्हणाली.

"असं झालं असेल," अण्णांनी मान डोलावली. "नक्की नाही. काका गेला आणि जिना राहिला, एवढं मात्र नक्की. वडिलांनी पुन्हा करवत उचलली नाही."

डॉक्टरच्या मनात आणखी एक प्रश्न होता आणि तो तिच्या चेहऱ्यावर पुरता उमटला होता. वहिनीसाठी एवढा जिना बांधणारा दीर. तिनं पाहुणीकडे पाहिलं, पाहुणीनं तिच्याकडे.

"विचारा ना," पाहुणी म्हणाली. "मीही मघापासून तोच विचार करतेय. पण आजी आपल्या जावेबद्दल बोलायची ती नेहमी हसत बोलायची. मनात काही असतं तर तशी बोलली नसती. निदान मला तसं वाटतं."

"तिच्याबद्दल बोलायची?" अण्णा एकदम वळले. "काय बोलायची?"

सेक्रेटरीनं पाटीकडे हात केला. "मग ह्याचं काय करायचं?"

"परत न्या," अण्णा म्हणाले. "सध्या भिंत मोकळी राहू दे. काही कळलं तर बघू." आणि पुन्हा पाहुणीकडे वळून, लहान मुलासारखे अधीर होऊन, "काय बोलायची ती?"

बाहेर फाटकापाशी तिसरी तुकडी जमली होती. काचेतून आत डोकावणारे चेहरे दिसत होते. सून उठू लागली तशी डॉक्टरनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"तू बस. तुझा घसा गेलाय. मी सांगते त्यांना."

"तुम्ही? काय सांगणार?"

"दोन जिने दाखवते आणि विचारते, का असतील? कुणी बरोबर सांगितलं तर आपल्यालाही कळेल." ती दाराकडे गेली. सेक्रेटरी पाटी काखोटीला मारून तिच्या मागे निघाला. तो आधीच विचारत होता, की 'गूढ' हा शब्द कसा वाटतो.

*

पाहुणीला समोरच्या म्हाताऱ्या चेहऱ्यात आपल्या आजोबांचं नाक दिसत होतं, आणि ते बघून तिला मघापासून काही सुचत नव्हतं. इथे येताना तिनं गाडीत एक भाषण तयार केलं होतं, चांगलं खरमरीत. त्यातला एक शब्दही आता उपयोगाचा नव्हता.

"आजी तिची नक्कल करायची," ती म्हणाली. "आम्हाला हसवायला. जाऊबाई वरून उतरायला लागल्या की खाली सगळे खोळंबलेले असायचे म्हणे. पायाचं ती कधी बोलली नाही, आम्हाला वाटायचं नटायला वेळ लावत असतील. जेवण निवतंय, गाडी उभी आहे. आणि दीर, नवरा, सगळे हाका मारतायत. मग ती वरून एका हातानं कठडा धरून म्हणायची..."

ती थांबली. ही नक्कल तिनं लहानपणानंतर कधी केली नव्हती. तिला वाटलं आवाज लागणार नाही. पण तिनं हनुवटी वर केली, एक हात कमरेवर ठेवला, आणि आजी करायची तशी, ठसक्यात, शेवटचा शब्द ओढून म्हणाली, "ओरडू नका रे, जिना काही पळून जात नाहीऽ!"

सून हसली. मग तिनं अण्णांकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

अण्णा पुढे वाकून बसले होते. तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला कललेली, कमी ऐकू येणारी माणसं ऐकतात तसे.

"परत म्हण," ते म्हणाले.

तिनं परत म्हटलं.